छोट्या रुळांचा शिल्पकार : जॉन अ‍ॅलन

मंडळांच्या स्मरणिकांतून बहुधा संतांची, समाजसुधारकांची, नाट्याचार्यांची आणि देशभक्तांची चरित्रे प्रसिद्ध होतात, आणि ते योग्यच आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकासाठी आम्ही मात्र एका अशा परदेशी गृहस्थांचे चरित्र निवडले आहे, की ज्यांनी ना राज्य मिळविले, ना संप्रदाय स्थापिला, ना कोणती चळवळ उभारली. त्यांनी रेल्वे बांधली, आणि तीही खेळण्याएवढ्या आकाराची. सुमारे सव्वीस वर्षे ते ती बांधीत होते. त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या दहा दिवसांत ती आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. असे असूनही जगभरच्या लघुरेल्वेच्या छांदिष्टांत जॉन अ‍ॅलन हे नाव आज अर्धशतकानंतरही आदराने उच्चारले जाते. वस्तू नाहीशी झाली आणि कीर्ती मात्र राहिली, हे कसे घडले असावे? या प्रश्नाने आमचे कुतूहल चाळवले, आणि त्याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच सापडते असे आम्हांस वाटते.

जॉन व्हिट्बी अ‍ॅलन यांचा जन्म २ जुलै १९१३ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन या गावी झाला. कोवळ्या वयात झालेल्या संधिवाताच्या तापाने त्यांचे हृदय दुर्बल केले, आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. पुढे ते कॅलिफोर्नियात आले, छायाचित्रणाची कला शिकले आणि लॉस एंजेलिस येथे त्यांनी त्याच व्यवसायात जम बसविला. १९४६ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते मॉन्टेरे या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ते अविवाहित होते. राहणी साधी, गरजा मोजक्या. ज्या वयात माणसे बढती, घर आणि बँकेतील शिल्लक यांच्या हिशेबात गुंतलेली असतात, त्या वयात या माणसाने आपला बहुतेक वेळ आणि शक्ती छोट्या रेल्वेच्या कामी लावण्याचे ठरविले.

हा निर्णय किती धाडसाचा होता हे समजण्यासाठी त्या काळी या छंदाची स्थिती काय होती हे पाहिले पाहिजे. किल्लीवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यांच्या आगगाड्या युरोप-अमेरिकेत पूर्वीपासून होत्या. गालिच्यावर गोल रूळ मांडावयाचे, इंजिन सोडावयाचे आणि मुलांनी टाळ्या पिटावयाच्या, असा तो खेळ होता. खऱ्या रेल्वेची अचूक प्रमाणात प्रतिकृती करणारी प्रौढ मंडळी थोडी आणि विखुरलेली होती. १९३४ साली मिलवॉकी येथून मॉडेल रेलरोडर हे मासिक निघू लागले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली, या छंदाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि चाके व रूळ यांची मापे निश्चित करण्याचे काम तिने हाती घेतले. एकाच्या घरचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर चालावयाचे तर मापे एक असावयासच हवीत. छंदाला शास्त्र लाभले ते असे.

अ‍ॅलन यांनी स्वीकारलेले प्रमाण एचओ या नावाने ओळखले जाते. खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग, किंवा एका फुटाला साडेतीन मिलिमीटर, असे ते माप आहे. दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर. या हिशेबाने सहा फूट उंचीचा धिप्पाड माणूस एकवीस मिलिमीटरचा होतो, आणि चाळीस फुटांची मालवाघीण चौदा सेंटिमीटरची होते. येथवर सारे सोपे आहे. अडचण पुढेच आहे. एक मैल अंतर याच प्रमाणात साठ फुटांचे होते. आपल्या परिचयाचेच उदाहरण घ्यावयाचे तर मुंबई ते पुणे हा १९२ किलोमीटरांचा लोहमार्ग या प्रमाणातही सव्वादोन किलोमीटरांच्या घरात जाईल, आणि १८६३ साली पुऱ्या झालेल्या बोरघाटातील १,८३१ फुटांची चढण दाखवावयास एकवीस फूट उंचीची खोली लागेल. चोवीस डब्यांची एखादी आपली एक्स्प्रेस गाडी वीस फूट लांबीची होईल; सरकारी निवासस्थानाच्या दिवाणखान्यात ती उभीसुद्धा राहावयाची नाही, मग धावणे दूरच. सारांश, इंजिने आणि डबे यांची लहान प्रतिकृती करता येते, परंतु अंतराची प्रतिकृती करता येत नाही. गाडी तर अंतर तोडण्यासाठीच असते. ज्या रेल्वेला कोठे जावयाचेच नाही, तिला रेल्वे कसे म्हणावे? अ‍ॅलन यांच्या पुढील साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी हा पेच आहे.

त्यांची पहिली मांडणी अगदी लहान होती: साडेतीन फूट रुंद आणि साडेसहा फुटांहून किंचित लांब. आपल्याकडील एका माणसाच्या बाजेपेक्षा ती फारशी मोठी नव्हती. पुढे तिची वाढ होऊन दुसरी मांडणी झाली, आणि १९५३ च्या सुमारास नव्या घरात राहावयास गेल्यावर त्याच्या तळघरात तिसरी व शेवटची मांडणी आकार घेऊ लागली. विशेष असा, की पहिल्या मांडणीचा तो लहानसा तुकडा त्यांनी टाकून दिला नाही. दुसरीत तो सामावला, तिसरीतही सामावला. प्रचंड डोंगरांच्या कुशीत, जाणत्यासच ओळखू यावा अशा ठिकाणी, तो आरंभीचा चौथरा अखेरपर्यंत नांदत होता.

या रेल्वेस त्यांनी नाव दिले गोर अँड डॅफेटिड. वरवर पाहता ही दोन गावांची नावे वाटतात, आणि अमेरिकेतील अनेक लोहमार्गांची नावे अशीच दोन टोकांच्या गावांवरून पडलेली आहेत. पण नाव झरझर उच्चारले की त्यातून रक्तबंबाळ आणि पराभूत अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कानी पडतात. आपल्या रेल्वेची अशी थट्टा स्वतःच करून ठेवणारा माणूस मोठा मिस्कील असला पाहिजे. त्यांच्या कल्पनेत ही कंपनी श्रीमंत नव्हतीच. डोंगराळ मुलखातून, लाकडी पुलांवरून, जुनी वाफेची इंजिने घेऊन, कर्जाच्या ओझ्याखाली कशीबशी चालणारी ती एक आडवळणाची रेल्वे होती. अमेरिकेतील मोठ्या कंपन्या त्या वर्षांत वाफेची इंजिने मोडीत काढून डिझेलकडे वळत होत्या. बाहेरच्या जगातून जे झपाट्याने नाहीसे होत होते, ते हा माणूस तळघरात जपून ठेवीत होता, असेही म्हणता येईल.

आता अंतराच्या पेचाकडे वळू. अ‍ॅलन यांनी तो तीन-चार अंगांनी सोडविला. पहिला उपाय उंचीचा. इतर मंडळी मेजावर रेल्वे मांडीत आणि भिंतीवर डोंगराचे चित्र रंगवीत. अ‍ॅलन यांनी जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले. दरीचा तळ पाहणाऱ्याच्या पायाशी आणि शिखर डोक्याच्या वर. त्यामुळे पाहणारा देवासारखा वरून पाहत नसे. तो त्या दरीत उभा असे आणि पुलावरून जाणारी गाडी त्याला मान वर करून पाहावी लागे. दुसरा उपाय वळणांचा. तोच मार्ग डोंगराला वेढे घालीत, बोगद्यात शिरत, वेगवेगळ्या उंचीवर पुन्हा प्रकट होई. प्रत्येक देखावा दुसऱ्यापासून कड्याने किंवा झाडीने असा वेगळा केलेला, की एका स्टेशनावरून दुसरे दिसू नये. तिसरा उपाय चित्रकाराचा. दूरच्या इमारती आणि झाडे मुद्दाम अधिक लहान प्रमाणात करावयाची, म्हणजे हातभर अंतर कोसभर वाटू लागते. आणि चौथा उपाय आरशांचा. योग्य कोनात बसविलेला आरसा रस्ता दुप्पट लांब करतो आणि खोलीची भिंत पुसून टाकतो. त्याच्या कडा झाडे, पूल, इमारती यांच्या आड अशा लपविल्या पाहिजेत, की पाहणाऱ्याला स्वतःचे मुख त्यात कधीच दिसू नये. अ‍ॅलन यांच्या मांडणीत असे आरसे ठिकठिकाणी होते.

त्यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे धूळ आणि गंज यांना त्यांनी दिलेली प्रतिष्ठा. दुकानातून आणलेले इंजिन चकचकीत असते. मालकाला त्याचा अभिमान वाटतो आणि त्यावर डाग पडू नये म्हणून तो त्याला जपतो. अ‍ॅलन यांनी नेमके उलट केले. खरे इंजिन कसे दिसते? धुराड्याभोवती काजळी, बाष्पकावर क्षारांचे पांढरे ओघळ, चाकांशी तेल आणि माती, कोळशाच्या साठ्याभोवती काळी भुकटी. मालवाघिणीची फळी उन्हापावसाने फिकट पडलेली असते, तिच्या लोखंडी पट्ट्यांवरून गंजाच्या रेघा उतरलेल्या असतात. हे सारे त्यांनी पातळ रंगांनी आणि चूर्णांनी हुबेहूब उतरविले. इमारतींचेही तेच. छपराची एखादी फळी निसटलेली, पाटीवरची अक्षरे उडालेली, मागच्या अंगणात भंगाराचा ढीग. कारखान्याच्या पुढच्या दारी जो रुबाब असतो तो रेल्वेच्या बाजूस नसतो, हे रेल्वेने प्रवास करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. शहरात शिरताना गाडी आपल्याला त्याची मागची बाजूच दाखविते. अ‍ॅलन यांनी ती मागची बाजू बांधली, आणि म्हणून ती खरी वाटली. एखादी वस्तू वापरात आहे, तिला वय आहे, तिच्यावर काळ उमटला आहे, हे दाखविल्यावाचून तिची प्रतिकृती पुरी होत नाही, हा त्यांचा सिद्धान्त म्हणावयास हरकत नाही. आज या छंदात हे गृहीत धरले जाते. त्या काळी महागड्या इंजिनाला स्वहस्ते मळविणे हे अनेकांना वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

मात्र त्यांच्या या वास्तवात विनोदालाही जागा होती. त्यांच्या यार्डात वाघिणी हलविण्याचे काम करणाऱ्या इंजिनांत तेरा क्रमांकाची एक विलक्षण धनीण होती. ती होती एम्मा नावाची स्टेगोसॉरस, म्हणजे पाठीवर ढालींची रांग असलेली, कोट्यवधी वर्षांपूर्वी लुप्त झालेली राक्षसी पाल! पाहुण्याने यार्डातील गंज, काजळी आणि खडी निरखून माना डोलवाव्यात, आणि तेवढ्यात हे जनावर वाघिणी ओढताना त्याच्या दृष्टीस पडावे. आम्हांस यात केवळ गंमत दिसत नाही. ज्याचा आपल्या कलेवर पूर्ण ताबा असतो, तोच तिची अशी चेष्टा करू शकतो. बाकीचे सारे इतके खरे होते, म्हणूनच ते प्राणीही क्षणभर खरे वाटे.

रेल्वे सुंदर दिसली की काम संपले, असे त्यांनी कधी मानले नाही. रेल्वे चालली पाहिजे. आणि चालली पाहिजे म्हणजे नुसती गोल फिरली पाहिजे असे नव्हे. मालधक्क्यावर माल उतरला पाहिजे, रिकाम्या वाघिणी परत गेल्या पाहिजेत, एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी दुसरीने बाजूच्या रुळावर थांबले पाहिजे. त्यासाठी त्यांचे मित्र ठराविक दिवशी संध्याकाळी त्यांच्या तळघरात जमत. कोणी गाडी चालवी, कोणी यार्ड सांभाळी, कोणी साऱ्या वाहतुकीचे नियंत्रण करी. अंतराप्रमाणे काळही आटविणे भाग असल्याने अशा रेल्वेत वेगाने धावणारे घड्याळ वापरतात. काही मिनिटांत त्याचा एक तास पुरा होतो, आणि वेळापत्रकातील गाड्या त्या घड्याळाने सुटतात. ज्यांनी रेल्वेत किंवा अन्य सरकारी खात्यात नोकरी केली आहे त्यांना हे वाचून हसू येईल, की दिवसभर काम करून दमलेली माणसे संध्याकाळी पुन्हा कामावर रुजू होत, आणि तेही विनावेतन. पण त्या कामात जबाबदारी होती आणि सोबत होती. एकाने चूक केली तर पाच जणांच्या गाड्या अडत. एकट्याने बांधलेल्या त्या रेल्वेला जिवंतपणा आला तो या मित्रमंडळामुळे.

शंटिंगच्या कामाची गोडी सर्वांना लागावी म्हणून अ‍ॅलन यांनी टाइमसेव्हर नावाचे एक कोडे रचले आणि १९७२ साली ते मॉडेल रेलरोडर मासिकात प्रसिद्ध झाले. एका फळीवर मावतील एवढे थोडे रूळ, पाच सांधे, एक इंजिन आणि काही वाघिणी. प्रत्येक बाजूच्या रुळाची लांबी इतकी तंतोतंत ठरविलेली, की मोजक्याच वाघिणी त्यावर मावाव्यात. नेमून दिलेली वाघीण नेमून दिलेल्या जागी कमीत कमी वेळात पोहोचवावयाची. पाहताना मुलांचा खेळ वाटतो. करू लागल्यावर बुद्धिबळाची आठवण होते. ज्याच्या घरी डोंगर उभारावयास तळघर नाही, त्यानेही एका फळीवर रेल्वेचा आनंद घ्यावा, अशी सोय या कोड्याने झाली. ते आजही खेळले जाते.

आता प्रदर्शनाचा प्रश्न. तळघरात बांधलेले डोंगर उचलून कोठल्या सभागृहात नेता येत नाहीत. मॉन्टेरेस जाऊन ती रेल्वे प्रत्यक्ष पाहणारे, हा छंद असणाऱ्या सर्वांच्या मानाने, थोडेच असणार. मग तिची कीर्ती पसरली कशी? येथे अ‍ॅलन यांचा मूळचा व्यवसाय उपयोगी पडला. लहान वस्तूचे छायाचित्र घेताना एक मोठी अडचण येते. कॅमेरा वस्तूच्या अगदी जवळ न्यावा लागतो, आणि मग समोरचे इंजिन स्पष्ट येते पण मागचा डोंगर धूसर होतो. त्या धूसरपणानेच वस्तूचे खुजेपण उघडे पडते. अ‍ॅलन यांनी टाचणीच्या छिद्राएवढ्या बारीक छिद्रातून प्रकाश घेण्याची युक्ती वापरली. छिद्र जितके लहान, तितके जवळचे आणि दूरचे एकाच वेळी स्पष्ट. प्रकाश मात्र अगदी कमी मिळतो, म्हणून कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून तिष्ठत बसावे लागते. शिवाय कॅमेरा त्या एकवीस मिलिमीटरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, की पाहणाऱ्याचे भान हरपते. वाचक छायाचित्रापुढे थबकत आणि हा खरा घाट की खोटा, असा संभ्रम त्यांना पडे.

१९४० नंतरच्या दशकापासून त्यांचे लेख आणि छायाचित्रे या छंदाच्या मासिकांतून येऊ लागली. व्हार्नी या प्रतिकृती बनविणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींसाठी त्यांनी घेतलेली छायाचित्रे १९५० नंतरच्या वर्षांत घरोघरी पोहोचली. वाचक जाहिरातीतील इंजिनाकडे पाहत, तितकेच त्याच्या मागच्या दरीकडे पाहत. येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. आपल्याकडे जुन्या कारागिरांत अनेकदा हातची विद्या झाकून ठेवण्याची रीत होती. गुरूने शेवटचा डाव शिष्याला शिकवू नये, असेही म्हटले जाई. अ‍ॅलन यांनी आपली विद्या उघड केली. इमारतीवर जीर्णपणा कसा आणावा, दोन-तीन तयार संचांतील भाग एकत्र करून नवी वास्तू कशी घडवावी, हे त्यांनी छापून सर्वांसमोर ठेवले. त्यांच्या हयातीतच शेकडो कोस दूर बसलेली, त्यांना कधीही न भेटलेली माणसे त्यांच्या रीतीने काम करू लागली होती.

६ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने जॉन अ‍ॅलन यांचे निधन झाले. ते एकोणसाठ वर्षांचे होते. आपल्या सरकारी नोकरीच्या परिभाषेत बोलावयाचे तर निवृत्तीचे वयही त्यांनी धड उपभोगले नाही. त्यानंतर दहाच दिवसांनी त्यांच्या घरास आग लागली आणि ती रेल्वे जवळजवळ सर्वस्वी नष्ट झाली. जमिनीपासून छतापर्यंतचे डोंगर, लाकडी पूल, आरसे, गंजाच्या त्या बारीक रेघा, आणि पोटात जपलेला तो पहिला साडेतीन फुटी चौथराही. मित्रांना एकाच पंधरवड्यात दोन सुतके आली असे म्हणावे लागेल. मृत्यूने माणूस नेला तरी त्याचे काम मागे राहते, अशी आपण एकमेकांची समजूत घालतो. येथे ती समजूत घालण्याचीही सोय राहिली नाही.

या ठिकाणी आम्हांस इंग्लंडमधील दुसऱ्या एका रेल्वेची आठवण होते. जॉन अहर्न या इंग्रज गृहस्थांनी मॅडर व्हॅली नावाची लघुरेल्वे अ‍ॅलन यांच्याही आधी बांधावयास घेतली होती. खेडी, नदी, बंदर यांसह एक संपूर्ण मुलूख उभा करणाऱ्या आरंभीच्या मांडण्यांत तिची गणना होते. अहर्न १९६१ साली वारले. त्यांची रेल्वे मात्र लाँग विटनहॅम येथील पेंडन संग्रहालयाने सांभाळली आणि ती तेथे पाहावयास मिळते. एकाची कृती काचेआड सुखरूप आहे, दुसऱ्याच्या कृतीची राख झाली. तुलनेने पाहता अ‍ॅलन यांचे नशीब खोटे, यात शंका नाही, आणि ते नुकसान भरून निघाले असे म्हणण्याचा खोटेपणा आम्ही करणार नाही. त्या दरीत उभे राहून मान वर करून पूल पाहण्याचा अनुभव कायमचा गेला. कितीही उत्तम छायाचित्र असले तरी ते दरी देऊ शकत नाही.

परंतु जे राहिले तेही थोडके नाही. मॉडेल रेलरोडरचे दीर्घकाळ संपादक असलेले लिन वेस्टकॉट यांनी अ‍ॅलन यांची छायाचित्रे आणि आठवणी यांवरून एक सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. तो १९८१ साली, वेस्टकॉट यांच्याही निधनानंतर, प्रसिद्ध झाला. ज्यांचा जन्म त्या आगीनंतर झाला, त्यांनी ती रेल्वे याच ग्रंथातून पाहिली. आज जगात कोठेही लघुरेल्वेचे प्रदर्शन भरले, की गंजलेली छपरे, काजळलेली इंजिने आणि छतास भिडणारे कडे हमखास दिसतात. ते करणाऱ्यांपैकी कित्येकांना ही रीत कोणाकडून आली हे ठाऊकही नसेल. मूर्ती भंगली तरी मूर्तिकाराची घडण शेकडो हातांत उतरली.

आपल्या महाराष्ट्रातही या छंदाचे एक रम्य स्थान आहे. पुण्यात कोथरूड येथे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सर्वांसाठी खुले झाले. घराच्या ओढीने सुटीत पुण्यास जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी मुलांना तेथे नेले असेल. ज्यांनी नेले नसेल त्यांनी अवश्य न्यावे. तेथे मुलांना गाड्या पाहू द्याव्यात आणि मोठ्यांनी थोडे वाकून, आपले डोळे त्या छोट्या फलाटाच्या उंचीवर आणून, पाहावे. अ‍ॅलन यांचा कॅमेरा याच उंचीवर असे.

आपण मराठी माणसे नोकरीच्या निमित्ताने आपल्या मुलखापासून शेकडो मैल दूर येऊन राहिलो. येथे आपण गणपती बसविला, नाटके केली, ग्रंथालय चालविले. मूळ महाराष्ट्र खूप मोठा आहे. तो जसाच्या तसा येथे आणता येत नाही, हे आपल्याला प्रत्येक सणाला जाणवते. अंतर आटविता येत नाही, हा अ‍ॅलन यांचाच पेच आहे. पन्नास वर्षांच्या काळात मंडळाच्या कित्येक वस्तू जीर्ण झाल्या असतील, काही हरवल्या असतील. त्यांची यादी करून त्या जपणे हे कार्यकारिणीचे कर्तव्य आहेच. परंतु आरास कशी करावी, नाटकाचा पडदा कसा बांधावा, आरतीचा ठेका कसा धरावा, हे ज्यांना येते त्यांनी ते पुढच्या पिढीला वेळीच आणि हातचे न राखता शिकवावे. जॉन अ‍ॅलन यांनी आपल्या रेल्वेचे कुलूप उघडे ठेवले होते, म्हणून आगीला सर्व काही नेता आले नाही.